क्रूझवरच्या ऑक्शनमध्ये चित्र घेताना

आई-बाबा उन्हाळ्यात अमेरिकेत आले की नायगारा झाल्यावर पुढचा नंबर अलास्का क्रूझचा, हे आता आपल्या मराठी मंडळींच्यात ठरूनच गेलंय. सिएटलहून बोट निघते आणि दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी, बंदर नाही, फोनला नेटवर्क नाही, नाश्ता होऊन गेलेला आणि जेवायला अजून वेळ. अशा वेळी एका हॉलबाहेर हसतमुख मुलगा उभा असतो, या या म्हणतो, नाव आणि केबिन नंबर लिहून घेतो, एक नंबर छापलेलं कार्ड देतो आणि शॅम्पेनचा ग्लास पुढे करतो. आत ईझलवर ओळीनं चित्रं मांडलेली, प्रत्येकाखाली चिठ्ठी, लाइट असे सोडलेले की साधा निळा रंगसुद्धा चमकतो. अर्ध्या तासात ऑक्शन सुरू होतं.

मी असा तीन ट्रिपांना बसलोय. पहिल्यांदा कॅरिबियनला, तेव्हा घाईत एक चित्र घेतलं आणि त्याचा त्रास बरेच महिने झाला. दुसऱ्यांदा आई-बाबांबरोबर अलास्काला, तेव्हा काहीच घेतलं नाही पण सगळ्यात जास्त शिकलो ते त्याच वेळी. आणि तिसऱ्यांदा न्यू जर्सीतल्या बेयॉनहून बर्म्युडाला गेलो तेव्हा एक छोटं एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून काढलेला छाप, घेतलं, ते आत्ता हे लिहिताना समोरच्या भिंतीवर आहे आणि रोज बघून बरं वाटतं. "बोटीवर चित्र घेऊच नका" असं सांगणारे खूप भेटतील, मी तसं सांगणार नाही. घरात चित्र असावं, चांगलं असावं, असं मला मनापासून वाटतं. फक्त किती डॉलर हे विचारायच्या आधी हे नक्की काय आहे हे विचारायचं. बाकी सगळं या एका प्रश्नातून निघतं.

आधी एक गोष्ट माहीत असू द्या, ऑक्शन बोटीवर होत असलं तरी ते सहसा क्रूझ लाइनचं नसतं. बोटीवरच्या स्पासारखंच ते बाहेरच्या कंपनीकडे दिलेलं असतं, एक गॅलरी कंपनी ती जागा चालवते, विक्रीतला वाटा क्रूझ लाइनला जातो, ऑक्शनियरला सहसा कमिशन असतं. म्हणजे पुढे काही बिनसलं तर तुमचं भांडण त्या गॅलरीशी, बोटीच्या रिसेप्शनवर जाऊन उपयोग नाही, ते नम्रपणे गॅलरीचा नंबर देतील. क्रूझच्या तिकिटाच्या अटींमध्येही अशा बाहेरच्या विक्रेत्यांची जबाबदारी आमच्यावर नाही असं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

आता हे "नक्की काय आहे" प्रकरण. आपल्याला हे खरं तर घरातूनच माहीत आहे. जुन्या घरांत देवघरात किंवा माजघरात रविवर्म्याची लक्ष्मी नाहीतर सरस्वती असायची की नाही? ते राजा रविवर्म्यानं हातानं रंगवलेलं पेंटिंग नव्हतं, ते ओलिओग्राफ. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, दगडावर एकेका रंगाचा वेगळा छाप काढून, वरून वार्निश देऊन तैलचित्रासारखी दिसतील अशी चित्रं तिथे छापली आणि ती घराघरात गेली. आजीनं त्यावर टिकल्या, जरी लावून ते सजवलं असेल, त्याला हार घातला असेल, त्याच्यावर जीव लावला असेल, आणि आज ते जुने छाप जपून ठेवणारे, विकत घेणारेही आहेत. पण कोणी ते ओरिजिनल पेंटिंग म्हणून पेंटिंगच्या भावात घेतलं तर ते चूक, एवढंच. बोटीवर जे विकायला असतं त्यातला मोठा भाग असा छापील असतो. छापील असणं वाईट नाही, छापील म्हणजे कसं छापलेलं आणि किती छापलेलं, यावर सगळं आहे.

माझे बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, किती तरी वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली त्यांनी. त्यांना पोस्टाच्या तिकिटांचा नाद, त्यामुळे खिशात दहा पट मोठं दाखवणारं भिंग कायम. अलास्काच्या बोटीवर ऑक्शनच्या आधी चित्रं बघायला मोकळी ठेवतात त्या वेळेत आम्ही गेलो. एक मोठा कॅनव्हास होता, संध्याकाळचं बंदर, पाण्यावर दिवे, आई म्हणाली किती छान आहे बघा. बाबांनी तिथल्या मुलीला विचारलं, भिंगातून बघू का, ती हो म्हणाली. ते आकाशाच्या कोपऱ्यावर वाकले, बराच वेळ बघितलं आणि मग भिंग माझ्या हातात दिलं. मला वाटलेलं निळ्या रंगाचा फटकारा दिसेल. दिसले ते बारीक बारीक ठिपके, निळे, गुलाबी, मधे काळे, पिचकारीनं उडवल्यासारखे. मग त्यांनी भिंग थोडं खाली सरकवलं, दिव्यांच्या रेषेवर. तिथे त्या ठिपक्यांवरून ब्रशचे जाड ओघळ गेलेले, पण पारदर्शक, त्यांना स्वतःचा रंगच नाही. बाबा हळू आवाजात म्हणाले, "वरून जेल फिरवलंय, म्हणजे हात लावला की पेंटिंगसारखं लागेल. चित्र चांगलंय रे, पण हा चित्राचा फोटो आहे." चिठ्ठीवर तेच लिहिलेलं होतं खरं तर, "हँड एम्बेलिश्ड जिक्ले ऑन कॅनव्हास". कोणी खोटं बोललं नव्हतं, आम्हालाच त्या शब्दांचा अर्थ माहीत नव्हता.

तर तेच शब्द इथे सांगतो, जमेल तेवढं साध्या भाषेत.

जिक्ले म्हणजे भारी क्वालिटीच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली प्रिंट. शब्द फ्रेंच आहे, फवारा उडवणे या अर्थाचा, १९९१ मध्ये जॅक ड्युगेन नावाच्या प्रिंटमेकरनं तो मुद्दाम वापरात आणला कारण इंकजेट हा शब्द गॅलरीत बरा वाटत नव्हता. चांगला कागद, चांगली पिगमेंट शाई असेल तर जिक्ले बरीच वर्षं टिकतो, दिसतोही सुंदर. पण फाइल कॉम्प्युटरवर असते, आणखी काढायच्या तर काढता येतात. एम्बेलिश्ड म्हणजे वरून कोणीतरी ब्रश फिरवलाय. कोणी फिरवलाय, आर्टिस्टनं स्वतः की स्टुडिओतल्या माणसानं, हे विचाराच.

सेरिग्राफ म्हणजे आपलं स्क्रीन प्रिंटिंग, लग्नपत्रिका छापायचे ना जाळीवर, तेच, फक्त एकेका रंगाला वेगळी जाळी आणि कधी कधी तीस-चाळीस रंग. भिंगातून बघितलं तर ठिपके नाहीत, रंगाचे सपाट थर दिसतात, कडेला शाईची हलकी उंची जाणवते. लिथोग्राफमध्ये जरा सावध राहा, कारण हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात. दगडावर किंवा प्लेटवर आर्टिस्टनं स्वतः काढून घेतलेला छाप असेल तर भिंगाखाली दाणेदार, वेडावाकडा खडूसारखा पोत दिसतो. आणि ऑफसेट मशीनवर छापलेला असेल तर ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसतात, अगदी नियमित, घरातल्या कॅलेंडरवर भिंग धरून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. दोन्हीच्या चिठ्ठीवर लिथोग्राफ असू शकतं.

एचिंग मला सगळ्यात आवडतं. तांब्याच्या पत्र्यावर अॅसिडनं रेषा कोरून त्यात शाई भरून दाबानं छाप काढतात, त्यामुळे चित्राच्या चारी बाजूंना पत्र्याची कड कागदात रुतलेली असते, उजेड तिरका पडला की ती चौकोनी खोलगट कड स्पष्ट दिसते. हात लावू नका, नुसतं मान वाकडी करून बाजूनं बघा.

मग नंबर. खाली पेन्सिलनं ४५/३०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे ३०० प्रतींतली ४५ वी. हे बघून आपल्याला वाटतं जगात ३००च आहेत. थांबा. त्याशिवाय आर्टिस्ट प्रूफ म्हणून वेगळ्या प्रती असतात, विक्रीबाहेरच्या म्हणून आणखी काही, रोमन आकड्यांची वेगळी एडिशन, म्हणजे ठरावीक प्रतींचा संच, असू शकते, कागदावरची वेगळी, कॅनव्हासवरची वेगळी, लहान साइजची वेगळी. म्हणून प्रश्न असा विचारायचा, "या चित्राच्या सगळ्या प्रकारच्या मिळून एकूण किती प्रती निघाल्या?" उत्तर लिहून मागा. आणि १/३०० ही २९९/३०० पेक्षा भारी असते असं काही नाही, नंबर ज्या क्रमानं छापलं त्याच क्रमानं घालतात असंही नाही, तेव्हा लहान नंबरसाठी जास्त पैसे देऊ नका.

मोठ्या नावांच्या बाबतीत तर अजूनच शांतपणे घ्या. बोटीवर पिकासो, दाली, शागाल, रेम्ब्रां ही नावं ऐकली की छातीत धडधड होतेच, माझीही झाली होती. पण तारखा डोक्यात ठेवा, त्याचा फार उपयोग होतो. रेम्ब्रां १६६९ मध्ये गेला. त्याचे काही तांब्याचे पत्रे मात्र शिल्लक राहिले आणि नंतरच्या शतकांत लोक त्यावरून परत परत छाप काढत राहिले, अगदी २००० सालाच्या आसपासही काढलेत. म्हणजे पत्रा खरा, रेषा त्याच्या, पण छाप आपल्या काळातला, आणि त्याच्या हयातीतल्या छापाची किंमत आणि याची किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक. पिकासो १९७३ मध्ये गेला, त्यानंतर त्याच्या चित्रांवरून लिथोग्राफ निघाले ज्यांच्यावर त्याच्या नातीची, मरिना पिकासोची सही असते. ते काही खोटे नाहीत, रीतसर एडिशन आहे, पण "साइन्ड पिकासो" ऐकून आपण समजतो ती सही ही नव्हे. चिठ्ठीवर नावाच्या आधी "आफ्टर" असा छोटा शब्द असेल तर त्याचा अर्थ त्याच्या चित्रावरून दुसऱ्या कोणी तयार केलेलं.

दालीचं तर वेगळंच आहे. त्यानं दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'वर १०० जलरंगातली चित्रं केली, त्यावरून १९६० च्या आसपास फ्रान्समध्ये कारागिरांनी हजारो लाकडी ठोकळे कोरून पुस्तकासाठी छाप काढले. हे छाप खूप सुंदर आहेत, खरे आहेत, पण पुस्तकाच्या प्रतींबरोबर ते हजारोंनी छापले गेले त्यामुळे दुर्मीळ नाहीत, बाहेर बऱ्यापैकी सहज मिळतात. आणि सहीचं म्हणाल तर १९७४ मध्ये फ्रेंच कस्टम्सनं अँडोराकडे जाणारी एक गाडी अडवली, तिच्यात दालीनं सही केलेले ४०,००० कोरे कागद सापडले. नुसते कोरे कागद, खाली सही. त्यावर पुढे कोणीही काहीही छापू शकतो, म्हणून दालीच्या प्रिंटची सही खरी आहे हे सिद्ध झालं तरी प्रिंट खरी आहे हे सिद्ध होत नाही, हे जगातल्या सगळ्या डीलर लोकांना माहीत आहे. अशा आर्टिस्टच्या छापील कामांचे प्रमाण मानलेले कॅटलॉग असतात, रेम्ब्रांच्या एचिंगला बार्त्श नंबर, म्हणजे बार्त्श नावाच्या माणसानं केलेल्या यादीतला नंबर, असतो, तेव्हा विचारायचं की कुठल्या कॅटलॉगमध्ये कुठल्या नंबरला आहे. सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी प्रत्येकाबरोबर मिळतं, पण ते विकणाऱ्यानं स्वतःच दिलेलं असतं. ज्याच्या सहीचं सर्टिफिकेट, त्याच्या शब्दाइतकीच त्याची किंमत.

मी काय करतो ते सांगतो. पहिल्याच दिवशी गॅलरीत चक्कर मारायची, शॅम्पेन नको म्हणायचं, आवडलेल्या दोन-तीन चित्रांच्या चिठ्ठीचा फोटो काढायचा, त्यात आर्टिस्टचं नाव, चित्राचं नाव, प्रकार, साइज, एडिशन, सगळं आलं पाहिजे. मग एका दिवसाचं वायफाय विकत घ्यायचं. लोक इथेच कंजुषी करतात, हजार डॉलरच्या चित्रावर बोली लावतील पण वीस-पंचवीस डॉलरचं वायफाय नको. घ्या ते. ईबेवर जाऊन तेच नाव टाका आणि "सोल्ड आयटम्स"चा फिल्टर लावा, कारण मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहील, विकली गेलेली किंमत खरी. लाइव्ह ऑक्शनियर्स, इन्व्हॅल्युएबल इथेही जुन्या लिलावांचे निकाल बघता येतात, आर्टनेटचा डेटाबेस पैसे भरून आहे पण महागडं घेणार असाल तर तोही बघा. माझं पहिलं चित्र मी घरी आल्यावर असं शोधलं होतं. मी ९०० डॉलर मोजलेले, आणि त्याच एडिशनच्या दोन प्रती आधीच्या वर्षभरात दोनशेच्या आत विकल्या गेलेल्या. हे बोटीवरच दहा मिनिटांत कळलं असतं.

आणि तिथेच ती अप्रेझलची भानगड. स्क्रीनवर दाखवतात, अप्रेझ्ड व्हॅल्यू २,४०० डॉलर, बोली सुरू ७०० पासून, मग वाटतं केवढा फायदा! अप्रेझल म्हणजे दुकानातून तसंच नवीन आणायचं झालं तर इन्शुरन्ससाठी किती धरायचे तो आकडा, आणि तोही बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच बाजूनं आलेला. तुम्ही विकायला गेलात तर मिळेल ती किंमत नव्हे ही. सोनाराचं आठवा, दागिना घेताना मजुरी, घडणावळ सगळं देतो, मोडायला गेलं की घट धरून फक्त सोन्याचे पैसे हातात येतात. चित्रात तर सोनंही नाही, मोडायला गेलात तर गिऱ्हाईक तुम्हीच शोधायचं. म्हणून गुंतवणूक वगैरे शब्द कोणी तिथे काढला तर तो विषय तिथेच सोडून द्या. आपण भिंतीसाठी घेतोय, डोळ्यांसाठी घेतोय.

प्रत्यक्ष ऑक्शन कसं चालतं, तर आपल्याकडच्या बाजार समितीतल्या लिलावाशी ताडून बघा. लासलगावला कांद्याची ट्रॉली उभी राहते, व्यापारी बोली लावतात, एकाची बोली सगळ्यात वर जाते, माल त्याचा. माल एक, घेणारा एक. बोटीवर बऱ्याचदा असं होतं की एका चित्राची बोली होते, समजा ५०० ला थांबते, आणि मग ऑक्शनियर म्हणतो याच किमतीला आणखी कोणाला हवंय, हात वर करा. चार-पाच हात वर होतात आणि सगळ्यांना मिळतं. म्हणजे मागे त्याच्या प्रती भरपूर आहेत आणि ही ठरलेल्या किमतीची विक्री आहे. हे दिसलं की तुमच्या मनातली "आत्ता नाही घेतलं तर हातचं जाईल" ही भीती काढून टाका, जाणार नाही. कधी तीन-चार चित्रांचा एकत्र सेट लावतात, कधी चित्र पाठमोरं ठेवून न दाखवता बोली लावायला सांगतात, यात मजा येते लोकांना, पण मी यातलं काही करत नाही, न बघता चित्र घ्यायचं हे मला पटत नाही. कार्ड खाली, मांडीवर ठेवा. मान हलवणं, हात हलवणं टाळा. आणि बोली लावायला एकानंच बसायचं, नवरा-बायको दोघांनी दोन कार्डं घेतलीत तर एकमेकांच्याच वर बोली जायची भीती असते.

वरची मर्यादा केबिनमध्येच कागदावर लिहून आणायची, आणि ती हातोड्याची किंमत, म्हणजे जिथे बोली थांबते ती, नाही तर घरी भिंतीवर लागेपर्यंतची सगळी मिळून. कारण हिशोब असा होतो बघा. समजा हातोडा ८०० डॉलरवर पडला. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून गॅलरी वर घेते ते कमिशन, समजा १५ टक्के, म्हणजे १२०, झाले ९२०. फ्रेम २००, शिपिंग आणि इन्शुरन्स ९०, अप्रेझलचा कागद हवा तर ३५. झाले १,२४५, आणि वर जिथे माल पोचणार तिथला सेल्स टॅक्स लागला तर तो वेगळाच. आठशेचे साडेबाराशे. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतील, पण प्रीमियम किती, फ्रेम सक्तीची आहे का, फ्रेमशिवाय नुसती गुंडाळून नळीत देता का, हे बोलीच्या आधी काउंटरवर विचारून घ्या. फ्रेमशिवाय घ्या असंच माझं मत. बोटीवरची फ्रेम महाग पडते, वजन वाढतं, काच फुटते, आणि फ्रेमचा झगमगाट काढला की चित्र आपल्याला खरंच आवडतंय का हेही कळतं.

ऑक्शन हुकलं, किंमत वर गेली, तरी वाईट वाटून घेऊ नका. शेवटच्या दिवसाच्या आधी गॅलरीच्या डेस्कवर निवांत जाऊन विचारा, हे चित्र अजून आहे का, एवढ्याला देता का. माझं एचिंग असंच मिळालं. ऑक्शनमध्ये त्याच्याकडे कोणी बघितलंही नव्हतं, हाताच्या पंजाएवढं, काळं-पांढरं, एक झाड आणि एक कुंपण, हयात असलेल्या आर्टिस्टचं, ७५ प्रतींचं. भिंगातून बघितलं, रेषा स्वच्छ, पत्र्याची कड नीट रुतलेली. मी १८० डॉलर म्हणालो, ते २२० ला तयार झाले, प्रीमियम धरून. असं साधं, लहान, कमी प्रतींचं, आर्टिस्टनं स्वतः हातानं केलेलं काही असेल तर बोटीवरही चांगली खरेदी होते, मोठ्या नावाच्या मागे न लागता.

सही करायच्या आधी बिल वाचा, घाई करतील, रांग असेल, तरी वाचा. माझ्या पहिल्या खरेदीत काय झालं, मी ज्या प्रतीवर बोली लावली ती ईझलवरची, आणि घरी आली ती गोदामातून आलेली दुसरीच प्रत, नंबर वेगळा, आणि रंग बोटीवरच्यापेक्षा फिके वाटले. फोन केला तर म्हणाले अटींमध्ये लिहिलंय, समोरची प्रत नमुना होती. आणि खरंच लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं. म्हणून आता मी बिलावर एडिशन नंबर लिहून घेतो आणि हीच प्रत मिळणार का हे विचारतो. तसंच परत करायची मुदत किती दिवस, ती बिलाच्या तारखेपासून की माल मिळाल्यापासून, परतीचा खर्च कोणाचा, प्रीमियम परत मिळतो का, आणि वाद झाला तर कुठल्या ठिकाणचा कायदा लागेल. बोट समुद्रात असते, झेंडा बऱ्याचदा बहामाज किंवा पनामाचा असतो, त्यामुळे आपल्या गावातला ग्राहक कायदा आपोआप लागेल असं धरून चालू नका, कागदावर जे आहे तेच हातात. ऑक्शनियर तोंडी जे काही बोलला, हे दुर्मीळ आहे, आर्टिस्टनं स्वतः रंगवलंय, परत घेऊ, ते सगळं बिलावर लिहून द्या म्हणायचं. लिहून देत नसतील तर चित्र तिथेच सोडून यायचं. पैसे क्रेडिट कार्डनं द्या, आणि तिथेच नवीन कार्ड काढा, इतके महिने व्याज नाही असं म्हणाले तर नको म्हणा.

भारतात न्यायचं असेल तर थोडं जास्त डोकं लावायला लागतं. सिंगापूरच्या क्रूझवर टूरबरोबर जाणारे आपले बरेच लोक असतात, त्यांच्यासाठी हे. चित्र बरोबर आणत असाल तर बिल हातात ठेवा आणि ड्युटी-फ्री मर्यादेच्या वर जात असेल तर एअरपोर्टवर रेड चॅनलला जाऊन सांगा, अप्रेझलचा कागद नाही तर खरं बिल दाखवा, नाहीतर त्या फुगलेल्या आकड्यावर चर्चा सुरू होईल. कुरिअरनं येणार असेल तर केवायसीचे कागद मागतात. कस्टम्सच्या भाषेत आर्टिस्टनं हातानं केलेल्या प्लेटवरून थेट काढलेला छाप हा वेगळ्या गटात बसतो आणि मशीनवर छापलेलं चित्र वेगळ्या, म्हणजे जिक्लेला ओरिजिनल प्रिंटचा गट मिळत नाही, पावतीवर काय लिहिलंय त्याला इथे अर्थ आहे. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून पेंटिंग आणि ओरिजिनल प्रिंटवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, आयातीवरही तोच दर जीएसटीच्या भागाला, कस्टम ड्युटी असेल ती वेगळी.

आणि एक मनापासून सांगतो, मुंबईत येणं होणार असेल तर बोटीवर हजार डॉलर घालायच्या आधी काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत एक दुपार काढा, बाहेर फुटपाथवरही आर्टिस्ट आपली चित्रं लावून बसतात. जेजे स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन लागलेलं असेल तर तेही बघा. तिथे चित्र काढणारा माणूस समोर उभा असतो, त्याला विचारता येतं हे कसं केलं, किती दिवस लागले, आणि पैसे सरळ त्याच्या हातात जातात. बोटीवरच्या जिक्लेच्या पैशात तिथे अस्सल हातानं केलेलं जलरंगातलं चित्र येतं.

शेवटचं, पार्सल घरी आल्यावर. खोका उघडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो, मग उघडताना व्हिडिओ, कोणाला तरी फोन धरायला सांगा. नळीतून कॅनव्हास काढताना खेचू नका, नळी आडवी करून हळू फिरवत काढा, आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेला आहे का ते बघा, आत असेल तर रंगाला चिरा गेल्यात का तपासा. एडिशन नंबर बिलाशी, सर्टिफिकेटशी जुळवा, सही बघा, भिंग लावा. काही वेगळं असेल तर त्याच दिवशी ईमेल, फोनवर नाही. कागदावरचं काम असेल तर मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, फ्रेमवाल्याला अॅसिड-फ्री माउंट घालायला सांगा, चित्र काचेला टेकता कामा नये, मागे साधा पुठ्ठा नको, आणि पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीवर लावू नका. माझं एचिंग आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल केला, त्यांनी आधी ते मागून दाखवायला लावलं, मग उजेडात तिरकं धरायला लावलं, पत्र्याची कड दिसल्यावर म्हणाले, "हां, आता लाव खिळा."